पेनाच्या खिशाची शेरवानी

भोसरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबालाल मुलाणींचं शिलाईचं दुकान आहे. दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही, कारण तिच्यापुढे कायम निळ्या, खाकी आणि राखाडी बॉयलर सूटची रांग लटकलेली असते. एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांचे युनिफॉर्म शिवणं हा बाबालालभाईंचा धंदा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अख्खी फर्स्ट शिफ्ट कुणीतरी धुऊन वाळत घातलीय.

मी ज्ञानदेव. एका कारखान्यात क्वालिटीला होतो. माझं काम एकच, तयार माल बघायचा आणि त्यातला खोटा बाजूला काढायचा. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, त्याचा पगार घेतला आणि रिटायर झालो. पण ही सवय गेटवर जमा करून घरी येता येत नाही. माझी बायको कस्तुरा भाकरी ताटात टाकताना अजूनही म्हणते, "बघून घ्या, कड जाड असली तर परत पाठवा." सकाळची कामं आटोपली की ती मला घरातून पिटाळते आणि मी बाबालालभाईंच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसतो. तिथं चहा पितो आणि लटकलेल्या बॉयलर सूटच्या शिलाया तपासतो. मला तसं कुणी सांगितलेलं नाही. बाबालालभाई मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा मी अजून हिशेब लावतोय.

बाबालालभाई मूळचे मिरजेकडचे. तिथं एका उस्तादाच्या हाताखाली ते शेरवानी शिवायला शिकले आणि लग्न झाल्यावर मोठ्या आशेनं भोसरीला आले. इथं आल्यावर कळलं, की या गावात नवरदेव कधीतरी असतात, कामगार मात्र रोज असतात. झालं, उस्तादाची विद्या गुंडाळून ठेवली आणि युनिफॉर्म शिवायला घेतले. सुरुवातीला लग्नाच्या मोसमात चार-दोन शेरवान्या यायच्या. मग रेडिमेडवाले आले, त्यांच्यामागून भाड्यानं देणारे आले आणि तेही थांबलं. माझ्या धम्मपालच्या लग्नात त्यांनी किती गळ घातली, "पोराला शेरवानी शिवू द्या, इन्स्पेक्टर, राजबिंडा दिसंल." धम्मपालला निळा सूटच हवा होता. त्यांनी तो शिवला, झकास शिवला, पण तोंड पाडून शिवला.

तरी त्यांचा जीव शेरवानीतच. मशीनवर बॉयलर सूट आणि तोंडात शेरवानी, असा त्यांचा दिवस जातो. तिचं नाव कसं पडलं हे कुणी विचारायची ते वाटच बघत नाहीत. आणि आपल्यात सांगायचं तर प्रत्येकाला वेगळं सांगतात. पोस्टमनला सांगितलं, की कुण्या राजानं शेराची शिकार केली, तेव्हा खुशीत त्यानं जो अंगरखा शिवून घेतला ती शेरवानी. मशिदीतल्या मौलवींना सांगितलं, की लांब तिकडं इराणच्या वरच्या अंगाला शिरवान म्हणून मुलूख आहे, नाव तिथून आलं. मला सांगितलं ते तिसरंच. एका नवाबाकडं इंग्रज साहेब जेवायला यायचा होता. नवाबाला साहेबासारखी ऐट हवी होती, पण साहेबाचा कोट नको होता. तेव्हा त्याच्या दर्जीनं एका खुंटीला आपली अचकन, म्हणजे बंद गळ्याचा लांब अंगरखा, टांगली, दुसरीला साहेबाचा कोट टांगला आणि दोन्हीतलं थोडं थोडं घेऊन तिसरंच काहीतरी शिवलं.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"जे गिऱ्हाइकाला पटंल ते," बाबालालभाई दातात दोरा धरून म्हणाले.

मला असली उत्तरं चालत नाहीत. एका पार्टची तीन मापं निघाली तर आम्ही अख्खा लॉट परत पाठवायचो. पण बाबालालभाईंना परत कुठं पाठवणार? उलट त्यांनाच चेव आला. "नावाचं काय घेऊन बसला? राजस्थानचा माणूस आला की अचकन म्हंतो, शोरूमवाला इंडो-वेस्टर्न म्हंतो, तुमची गावाकडची माणसं नवरदेवाचा कोट म्हंत्यात. अचकन हलकी, शेरवानी भारी, खाली घेर जास्ती. फरक हाय, पर कुणाला त्याचं काय? आन तुमच्या कपाटातला झब्बा तरी कुणाचा? आमचा जुब्बाच हाय तो. वाटण्या झाल्या, नाव जरा बदललं, एवढंच." त्या दिवशी घरी जाऊन मी माझा झब्बा बाहेर काढून बघितला. मला तर तो पूर्वीसारखाच दिसला.

आता हलिमाभाभींबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांच्या कापडाची आहे. हलिमाभाभी म्हणजे बाबालालभाईंच्या पत्नी. दुकानाच्या वरच त्यांचं घर आहे. त्यांचं माहेर संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद. त्यांचे वडील हिमरू विणायचे. हिमरू म्हणजे सुताच्या आणि रेशमाच्या धाग्यांचं, अंगभर वेलबुट्टी असलेलं कापड. पूर्वी शेरवानीला ते फार चालायचं. भाभींना मुलगी झाली, अल्फिया, तेव्हा म्हाताऱ्यांनी मागावरचं शेवटचं कापड उतरवलं आणि लेकीच्या हातात ठेवलं. "नातजावयाच्या शेरवानीला ठेव," म्हणाले. "शिवणारा घरात आहेच." पुढं तो माग मोडला आणि म्हातारेही गेले. मोतिया रंगाचं, डाळिंबी बुट्ट्यांचं ते कापड भाभींनी कडुलिंबाचा पाला घालून पेटीत जपलं. दरवर्षी बाहेर काढायचं, सावलीत पसरायचं, हात फिरवायचा आणि परत घडी घालायची. एकदा मी ते बघायला मागितलं, तर भाभींनी मला आधी हात धुवायला लावले.

अल्फिया मोठी झाली, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागली आणि गेल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा तौसिफ आतार, चाकणला गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंगचे रोबो सांभाळणारा. या लोकांत नवरदेवाचा लग्नातला जोडा, म्हणजे पोशाख, नवरीच्या घरून जातो. म्हणजे शेरवानी बाबालालभाईंकडूनच जायची होती. बातमी सांगायला ते आमच्या दारात आले तेव्हा मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद जास्त होता की शेरवानीचा, हे कस्तुरालाही ओळखता आलं नाही.

पण तौसिफला आई नाही. त्याची मोठी बहीण तबस्सुमआपा त्या घरची कर्तीधर्ती. बाई बोलायला गोड आणि नजरेनं माझ्यापेक्षा तिखट. सुपारीच्या दिवशी ती हसत हसत म्हणाली, "भाईजान, तुम्ही कशाला त्रास घेता? चिंचवडच्या शोरूममध्ये तौसिफसाठी एक बघून ठेवलीय. दोन दिवस भाड्यानं मिळते."

"भाड्यानं?" बाबालालभाईंचा घास हातातच राहिला. "आज याच्या अंगात, उद्या त्याच्या अंगात? जावयाला मी दुसऱ्याच्या घामात उभा करू व्हय?"

"तसं नाही हो," आपा म्हणाली. "तुम्ही शिवा ना. पण लग्नात फोटो, व्हिडिओ सगळं असतं. काही कमीजास्त झालं तर असावी एक जवळ. तुमची नीट झाली तर तुमची, नाहीतर ती."

बोलणं इतकं गोड होतं की भांडायला जागाच नव्हती. बाबालालभाईंनी मान हलवली. भाभींनी मात्र घरी आल्यावर पेटी उघडली, कापड बाहेर काढलं आणि नवऱ्याला बजावलं, "अब्बांचं कापड अंगावर चढलं नाही आणि भाड्याचं चढलं, तर मी त्या हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. आधीच सांगून ठेवते." भाभी बोलल्या की करतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तौसिफ मापं द्यायला आला तो कामावरून थेट. अंगात कंपनीचं जॅकेट, डाव्या बाहीवर दंडाजवळ पेनाचा खिसा, त्यात पेन. बाबालालभाईंनी टेप लावायच्या आधीच काखेत बोट घातलं. "हे कुणी शिवलं? ओढतंय की हितं. दिवसभर हात वर करून काम करतो ना?"

"हो चाचा, पण सवय झालीय," तौसिफ म्हणाला. पोरगा हसरा होता. माप चालू असताना बाबालालभाईंनी अर्थातच शेरवानीचा उगम काढला, आणि जावई म्हणून त्याला तिन्ही गोष्टी एकदम ऐकवल्या. तौसिफनं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल काढला. "चाचा, इथं लिहिलंय की इंग्रजांचा लांब कोट आणि आपली अचकन यांच्यातून ती तयार झाली. नाव शिरवानवरून असेल असं म्हणतात, पण खात्रीनं कुणीच सांगत नाही."

"आन शेर?"

"शेर कुठं दिसत नाही."

"म्हंजे शेर सोडला तर सगळं खरं," बाबालालभाई खूश होऊन म्हणाले. "आमच्या उस्तादाला मोबाइलबिगर म्हाईत व्हतं." जाताना तौसिफनं कुठल्या तरी पावतीवर सही केली आणि पेन न बघताच परत बाहीत खोचलं. हात आपोआप तिकडं गेला. मी ते बघितलं, कारण असलं बघणं हेच माझं काम होतं.

कापड बेतायच्या दिवशी बाबालालभाई पांढरे कपडे घालून आले. हिमरूवर कात्री ठेवताना काहीतरी पुटपुटले आणि मग एकदा कात्री चालली ती थांबली नाही. बुट्टीला बुट्टी जुळवत पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले, बाह्या कापल्या. कापड बेताचंच होतं, त्यामुळे हाताला लागल्या फक्त चिंध्या. मग कापड ताठ राहावं म्हणून आतून बक्रम लावलं, अस्तर बेतलं आणि गळ्याची पट्टी अशी उभी केली की मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं युनिफॉर्म शिवून वाया गेला. तसं मी बोलूनही दाखवलं.

"वाया कसा?" ते म्हणाले. "ह्या गल्लीतली पोरं कुणाच्या शर्टावर कामाला गेली?"

आणि नेमका तेव्हाच एका वर्कशॉपचा निरोप आला. त्यांच्याकडं ऑडिट होतं आणि ऑडिटवाल्यांपुढं सगळे कामगार नव्या बॉयलर सूटमध्ये उभे राहायला हवे होते. बाबालालभाईंना नाही म्हणता येत नाही. एका बाजूला हिमरू आणि दुसऱ्या बाजूला निळ्या ड्रिलच्या जाड कापडाचा ढीग, असं एकाच टेबलावर काम सुरू झालं.

त्या दुपारी मी स्टुलावर होतो. बाबालालभाई निळ्या बाह्यांवर पेनाचे खिसे लावत होते. डावी बाही घ्यायची, खिसा ठेवायचा, दुहेरी टीप मारायची, दोन्ही कोपरे पक्के करायचे, बाही खाली टाकायची. हे काम ते डोळे मिटून करतात असं म्हणायची पद्धत आहे, पण त्या दिवशी ते खरंच मशीनकडं बघत नव्हते. ते मला नवाबाच्या जेवणातले पदार्थ सांगत होते. साहेबाच्या ताटात बिर्याणी पडली आणि माझी नजर सुईकडं गेली. सुईखालून मोतिया रंग चालला होता.

"थांबा!" मी ओरडलो.

मशीन थांबलं, पण कोपरे पक्के झाले होते. हिमरूच्या डाव्या बाहीवर, डाळिंबी बुट्ट्यांच्या मधोमध, निळ्या ड्रिलचा पेनाचा खिसा दिमाखात बसला होता.

बाबालालभाईंनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले. "ह्यांनी मला इचारलंच न्हाई, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एका म्हाताऱ्यानं मागावरून उतरवलेलं शेवटचं कापड होतं ते, आणि दुसरी बाही कापायला कुठंही तुकडा शिल्लक नव्हता.

हलिमाभाभी चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी बाही बघितली, चहा टेबलावर ठेवला आणि शांत आवाजात म्हणाल्या, "अब्बांच्या कापडात तुम्हाला वर्कशॉप दिसलं?" त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही इथं बसून काय तपासत होते, भाऊ?" भाभींच्या मते अर्धी चूक माझी होती, कारण मी बाबालालभाईंना बोलतं ठेवलं. ते मला आजही मान्य नाही. त्या माणसाला बोलतं ठेवावं लागत नाही.

तेवढ्यात अल्फिया ड्युटीवरून आली. तिनं बाही उचलली, उलटीसुलटी केली आणि जी हसत सुटली ती शेवटी खुर्चीवरच बसली. "अब्बा, कंपनीचा लोगो राहिला की! आणि एम्प्लॉयी नंबर?" तिच्या हसण्यानं भाभींच्याही तोंडाचा कोपरा हलला. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. निकाहला आठवडा उरला होता, आणि चिंचवडला शोरूममध्ये भाड्याची शेरवानी तयार टांगलेली होती.

बाबालालभाईंनी ब्लेडनं एकेक टाका उसवला. ड्रिलची सुई जाड असते. खिसा निघाला, पण त्याच्या जागी भोकांची दुहेरी रांग राहिली. त्यांनी वाफ दिली, नखानं धागे सरकवले, ओल्या फडक्यानं दाबलं. मग बाही माझ्यापुढं धरली. "पास का फेल?"

त्या घरात माझ्याकडं एवढ्या आशेनं कुणी कधी बघितलं नव्हतं. मी बाही उजेडात धरली. भोकं दिसत होती. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण तोंडातून यायचं तेच आलं. "फेल."

बाबालालभाई खाली बसले. भाभी वर गेल्या आणि चिंध्यांचं बोचकं घेऊन आल्या. विणकराची लेक ती. एकेक चिंधी बाहीवर ठेवून बघायला लागल्या. बुट्टी जुळेना, की टाकून द्यायच्या, दुसरी घ्यायच्या. बऱ्याच वेळानं एक तुकडा असा बसला, की त्यातलं अर्धं फूल बाहीवरच्या अर्ध्या फुलात जाऊन मिसळलं.

"भोकं झाकायची ना?" त्या म्हणाल्या. "मग त्याच जागी परत खिसाच लावा. फक्त अब्बांच्या कापडाचा."

"शेरवानीला पेनाचा खिसा?" बाबालालभाई दचकले. "उस्ताद कबरीतून उठून येतील."

"आले तर त्यांनाही चहा देऊ. सरका."

मशीनला हात लावू दिला नाही त्यांनी. स्वतः बसून, बारीक सुईनं, आतल्या टाक्यानं तो खिसा लावला. वेल खिशावरून तशीच पुढं गेली. परत मला बोलावणं आलं. मी दारातून बघितलं, काही दिसलं नाही. जवळून बघितलं, माहीत होतं म्हणून दिसलं. आमच्या कारखान्यात पास आणि रिजेक्टच्या मध्ये एक तिसरा शिक्का असतो, 'आहे तसं वापरा'. पार्ट ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण चालून जाईल, तेव्हा तो मारतात. तो शिक्का मला कधीच आवडला नाही.

"लग्नात सांगतो," मी म्हणालो. बाबालालभाईंनी मला त्या दिवशी दुसरा चहा दिला नाही.

निकाह दुपारच्या नमाजनंतर होता, भोसरीतल्याच एका हॉलमध्ये. जोडा आदल्या दिवशी ताटातून मुलाकडं गेला होता आणि तिकडून काहीच निरोप नव्हता. हलिमाभाभी हॉलच्या पायरीवर उभ्या होत्या. आत गेल्या नव्हत्या. बाबालालभाई माझ्याशेजारी गेटवर, नव्या कपड्यांत, सारखी टोपी नीट करत. मला कस्तुरानं झब्बा घालून पाठवलं होतं. तेवढ्या घालमेलीतही बाबालालभाईंनी तो बोटानं चाचपला आणि म्हणाले, "आलात का घरच्यासारखे."

गाडी आली. पुढचं दार उघडून आधी तबस्सुमआपा उतरली. तिच्या हातात शोरूमची लांब काळी पिशवी होती, आणि पिशवी भरलेली होती. म्हणजे भाड्याची शेरवानी आत होती, अंगावर नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तोवर मागचं दार उघडलं आणि तौसिफ उतरला. मोतिया हिमरू, डाळिंबी बुट्ट्या, उभा गळा, छातीवर एक सुरकुती नाही. उन्हात ते रेशीम असं काही झळकलं, की बँडवाल्यानंसुद्धा मान वळवून बघितलं. बाबालालभाईंनी माझं मनगट पकडलं ते दुखेपर्यंत सोडलं नाही. भाभींनी पदर तोंडाला लावला, डोळे पुसले आणि मग त्या हॉलमध्ये गेल्या.

निकाह सुरू झाला. एका अंगाला पडदा होता, त्यापलीकडं बायका. काझींनी विचारलं, तौसिफनं कबूल म्हटलं, सगळ्यांनी दुवा मागितली. मग निकाहनामा पुढं आला सहीसाठी. काझींनी पेन दिलं, ते उमटेना. त्यांनी झटकलं, तळव्यावर ओढून बघितलं, तोंडाची वाफ दिली. साक्षीदारांनी खिसे चाचपले. सगळ्यांचे कपडे नवे, कुणाच्याच खिशात पेन नाही. "अरे, पेन बघा कुणाकडं," अशी हाकाटी झाली.

तौसिफचा उजवा हात डाव्या दंडाकडं गेला. न बघता, सवयीनं. फुलांच्या वेलीतून त्यानं पेन काढलं, टिक केलं आणि खाली वाकून सही ठोकली.

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं आणि हास्याची लाट उठली. पडद्याच्या कडेनं तबस्सुमआपाचं डोकं बाहेर आलं. "हे काय? शेरवानीला पेनचा खिसा?"

बाबालालभाईंचा चेहरा पांढरा पडला. माणूस खरा. आता हे उठून सगळं सांगणार, हे मी ओळखलं.

पण तौसिफ आधी बोलला. "आपा, मी मापं द्यायला गेलो तेव्हा चाचांनी माझ्या बाहीतलं पेन बघितलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं. सकाळी घालताना हात लागला तर खिसा! मला कायमचं पेन तिथंच लागतं, हे तुला तरी माहीत होतं का?" आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, "अम्मी गेल्यापासून माझ्यासाठी इतकं बघून कुणी काही केलं नव्हतं."

आपाचा चेहरा एकदम मऊ झाला. ती पुढं आली, खिशावरून बोट फिरवलं, फूल जुळलेलं बघितलं. "भाईजान," ती बाबालालभाईंना म्हणाली, "ही पिशवी मी उगाच वागवली."

"न्हाई, त्ये काय झालं..." बाबालालभाई अर्धे उठले. मी त्यांच्या पावलावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"पास!" मी मोठ्यानं म्हणालो.

हॉलमधल्या कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. पडद्यामागून मात्र हलिमाभाभींचं हसणं ऐकू आलं.

यालाही आता बरेच दिवस झाले. परवा मी स्टुलावर बसलो होतो, बाबालालभाई खाकी बाह्यांवर खिसे लावत होते. आताशा ते मशीनकडं बघून काम करतात. तेवढ्यात दोन तरुण मोटारसायकलवरून उतरले. तौसिफच्या लाइनवरचे. एकाचं लग्न ठरलं होतं.

"चाचा, शेरवानी शिवायचीय. ती बाहीत पेनवाली. आमच्याकडं सगळे तिला चाकण कट म्हणतात."

मशीन थांबलं. "काय म्हंतात?"

"चाकण कट."

"चाकण?" बाबालालभाई उठून उभे राहिले. "कापड संभाजीनगरचं, उस्ताद मिरजंचा, शिवली हितं भोसरीत, ह्या टेबलावर. चाकणचा काय संबंध?"

"शिरवानचा तरी काय होता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग हळूहळू त्यांचं तोंड पसरलं आणि ते इतके हसले की टेप गळ्यातून खाली पडली. जिन्याच्या दिशेनं त्यांनी हाक मारली, "अगं ऐकलंस का? शेरवानी आलीय शिवायला! आन नाव काय पडलंय ते तर ऐक!" भाभी खाली यायची त्यांनी वाट बघितली नाही. टेप उचलून पोराच्या छातीला लावली आणि सुरुवात केली.

"चाकण कट म्हंजे काय, त्याचा किस्सा हाय. एक सासरा व्हता, दर्जी. जावई माप द्यायला आला तवा त्यानं काय बघितलं, तर बाहीत पेन. सासऱ्यानं मनात म्हटलं, ह्या पोराला काय लागतंय ते आपुन न्हाई बघायचं तर कुणी?" बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "व्हय का न्हाई, इन्स्पेक्टर?"

दोन्ही पोरं माझ्याकडं बघत होती. खरं काय ते त्या दुकानात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"व्हय," मी म्हणालो आणि चहाचा घोट घेतला.